लढाईचे पुस्तक सांगताना नकाशाचेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला वाचकांनी पाठवलेली उत्तरे आपण छापता, ही चांगली प्रथा आहे. तालुक्याच्या गावात पुस्तकांचे दुकान म्हणजे जूनमध्ये वह्या आणि गाइड विकणारे दुकान. तेव्हा वाचनालयाच्या मागणी नोंदवहीत कोणते पुस्तक चढवायचे, हे पुष्कळदा अशा कात्रणावरूनच ठरते. तक्रार एवढीच, की लष्करी इतिहासाच्या पुस्तकांबद्दल जे छापून येते त्यावरून काहीच ठरवता येत नाही. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, ‘अंगावर काटा आला’ आणि ‘तरुणांनी अवश्य वाचावे’. काटा कोणत्या पानावर आला ते नसते. पुस्तकात नकाशे आहेत की नाहीत ते नसते. लिहिणारा स्वतः त्या रणात होता, शंभर वर्षांनी दप्तरे चाळत बसला होता की कादंबरीकार आहे, तेही नसते. पाटवडीच्या रश्श्याची कृती कळवणारी बाई नुसते ‘झणझणीत’ लिहून थांबत नाही. मसाला किती आणि वडी कधी सोडायची तेही लिहिते. युद्धाच्या पुस्तकाबद्दल तेवढे तरी लिहावे.

कादंबरीपासून सुरुवात करू, कारण गोंधळाचे मूळ तिथेच आहे. बहुतेक गावांत ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहास एकाच कपाटात, एकमेकांना टेकून उभे असतात. दशांश वर्गीकरणात भारताचा इतिहास ९५४ वर, लष्करशास्त्र ३५५ वर आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर पडते. पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात संध्याकाळी दोन-तीन तास बसणाऱ्या ग्रंथपालाला मुखपृष्ठावर घोडा आणि तलवार दिसली की तो पुस्तक ‘इतिहास’ म्हणून लावतो. मग सेनापतीच्या तोंडचे कादंबरीतले वाक्य शाळेच्या फलकावर सुविचार म्हणून चढते. कादंबरी जरूर वाचावी, मात्र आपल्या सदरात तिच्यापुढे ‘कादंबरी’ हा एक शब्द छापला जावा.

आता खऱ्या इतिहासाकडे. इथे पहिला प्रश्न: कागद कोणाचा, आणि तो कोणासाठी लिहिला? याला वऱ्हाडातलेच उदाहरण पुरते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगाव-शिरसोलीच्या शिवारात दुसऱ्या रघूजी भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची (पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनची) फौज यांची गाठ पडली. वेलस्लीने दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरलला पाठवलेल्या सरकारी खलित्यात एक बेतशीर वाक्य आहे: आघाडीला असलेल्या पायदळाच्या काही भागात गोंधळ झाल्यामुळे रांगा लावायला थोडा वेळ गेला. एवढेच. त्यानंतर मेजर शॉ याला लिहिलेल्या खासगी पत्रात तोच गृहस्थ सांगतो, की दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत छातीठोक लढलेल्या जवळजवळ तीन अख्ख्या पलटणी इथे तोफा सुरू होताच फुटून पळाल्या, आपण जवळ होतो म्हणून त्यांना परत उभे करता आले, नाहीतर दिवस हातचा गेला असता. शिवाय त्यांना सावरण्यात वेळ गेला आणि उजेड पुरला नाही.

माणूस एक, लढाई एक, मजकूर दोन. ज्याच्या हाती फक्त खलित्यावर बेतलेले पुस्तक पडेल तो म्हणेल, इंग्रजांची शिस्त बघा. ज्याने खासगी पत्र पाहिले तो म्हणेल, अर्ध्या तासाच्या फरकाने वऱ्हाडचा इतिहास वेगळा झाला असता. पुस्तकाची शिफारस करणाऱ्याने ‘हे कोणत्या कागदांवर उभे आहे’ असे अर्ध्या ओळीत लिहिले, तर वाचणाऱ्याला आपण काय उचलतो आहोत ते कळते.

दुसरी बाजू वाचायची तर यादव माधव काळे यांचे ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हे ग्रंथ, आणि काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर. बखर वाचताना ती घटना घडून गेल्यावर लिहिलेली आहे हे लक्षात ठेवावे. तहकुबीचे, म्हणजे लढाई थांबवण्याच्या कराराचे, प्रकरणही दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्या शिंद्यांच्या वकिलांशी इंग्रजांचा २३ नोव्हेंबरला शस्त्रसंधीचा करार झाला होता, त्यात शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या पूर्वेला वीस कोसांवर जाऊन राहावे असे कलम होते, आणि लढाईच्या दिवशी त्यांचे घोडदळ भोसल्यांच्या शेजारी उभे होते. वेलस्ली म्हणतो कलम पाळले नाही; इकडून पाहणारा म्हणतो करार झाल्यावर हल्ला झाला. कोणते खरे यावर पारावर रात्रभर भांडता येते, पण आधी कलमे वाचावीत. ती पुष्कळदा परिशिष्टात असतात आणि परिशिष्ट कोणी उघडत नाही.

आता नकाशा. लढाईचे पुस्तक नकाशाशिवाय वाचणे म्हणजे सात-बारा न पाहता वावर घेणे. अडगावच्या खलित्यात भोसल्यांची रांग सुमारे पाच मैल लांब होती, मागे गाव, बागा आणि कुंपणे होती, आणि पुढचे मैदान ओढ्या-नाल्यांनी कापलेले होते, असे वर्णन आहे. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. भोसल्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या रांगेत सारख्या वाटल्या असे समजले तर दर दोनशे मीटरला एक तोफ पडते. प्रत्यक्षात तोफा झुबक्याने ठेवतात, म्हणजे मधल्या कित्येक ठिकाणी एकही नसणार. हा हिशेब पुस्तकात छापलेला नसतो, पेन्सिलीने समासात करायचा असतो (वाचनालयाच्या प्रतीवर नव्हे, वेगळ्या चिठ्ठीवर).

नाले म्हणजे काय हे मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावे लागते, आपल्याला नाही. काळ्या जमिनीतला नाला म्हणजे दोन पुरुष खोल, उभ्या काठाची घळ. बैलबंडी तिथे उतारावाचून उतरत नाही, मग तोफेचा गाडा कसा उतरेल? नोव्हेंबरअखेर इकडे ज्वारी उभी असते, तिच्यात उभा माणूस दिसत नाही. आणि त्या तारखेला अकोल्याकडे सूर्य आजच्या घड्याळाने पाच-चाळीसच्या सुमारास मावळतो. लढाई उन्हे कलल्यावर सुरू झाली. म्हणून तर वेलस्लीला उजेड पुरला नाही आणि त्याच्या घोडदळाला पाठलाग चांदण्यात करावा लागला. पीक, नाला आणि मावळती या तीन गोष्टी गावातला शेतकरी वाचक विद्यापीठातल्या माणसापेक्षा लवकर पकडतो. त्याने त्या सदरात लिहून पाठवाव्यात. त्या छापण्याजोग्या असतात.

नकाशे मिळवण्याचा मार्ग सोपा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवून घेता येतात. या प्रमाणात कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. वळणाचा रस्ता मोजायला पट्टी चालत नाही. शिवणाचा दोरा रस्त्यावरून वळवत न्यावा, दोन टोकांना शाईचा ठिपका द्यावा आणि मग दोरा पट्टीवर ताणावा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाट तिथे चढ उभा, विरळ तिथे सपाट, एवढे कळले तरी सातपुड्यातले निम्मे युद्ध कळते.

एक चूक हमखास होते. पुस्तकातला घडीचा नकाशा झेरॉक्सवाल्याकडे नेला की तो ए-३ चा ए-४ करून देतो, म्हणजे ७१ टक्के. नकाशाखाली ‘१ इंच = ४ मैल’ असे छापलेले तसेच राहते, पण आता त्या कागदावर १ इंच म्हणजे साडेपाच मैलांहून जास्त झालेले असतात. मोबाइलवर पीडीएफ मोठा केला तरी तेच. आकड्यातले प्रमाण प्रत लहान-मोठी होताच खोटे पडते. रेघेने काढलेली पट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती खरी राहते. पुस्तकात नुसते आकड्यातले प्रमाण असेल तर प्रत काढण्यापूर्वी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक इंचाची रेघ मारून तिच्यावर ‘४ मैल’ लिहावे.

अंतर अंगवळणी पडायला एसटीचा टप्पा बरा. एक टप्पा ६ किलोमीटरचा. भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्याच्या वेढ्यात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबर १८०३ ला एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपुराकडून निघाली आणि डोंगरातून वळसा घालून १२ तारखेला किल्ल्याच्या उत्तरेला पोचली. अंतर सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, म्हणजे आठ टप्पे. आज बस दोन चहा धरूनही अर्ध्या दिवसात जाईल तिथे पाच-सहा दिवस लागले, कारण रस्ता नव्हताच. तो फोडत जायचा होता, आणि त्यावरून तोफा व सामान हातांनी ओढून न्यायचे होते. अचलपूर समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा १,११८ मीटरवर. तोफा साडेसातशे मीटर वर चढल्या. दिवसाला सरासरी आठ-नऊ किलोमीटर. हा आकडा डोक्यात असला, की कुठल्याही पुस्तकात डोंगरी मुलखातून तोफखान्यासह ‘एका दिवसात चाळीस किलोमीटर’ वाचताच थांबावेसे वाटते.

वळसा कशासाठी? कारण गाविलगडच्या बाकीच्या बाजूंना कडे आहेत; उत्तरेकडेच तो पठाराला जोडलेला आहे. आजचा पर्यटक चिखलदऱ्याच्या पठारावरून सहज किल्ल्यात शिरतो, म्हणून त्याला वाटते की गड घेणे सोपे होते. किल्ल्याचा अवघडपणा दक्षिणेकडच्या मैदानातून मान वर करून पाहिल्यावर कळतो. त्या बाजूला वेलस्लीच्या स्वतःच्या तुकडीनेही मोर्चा लावला होता, पण भगदाड पडले ते उत्तरेला. १२ तारखेच्या रात्री तिथे तोफांचे दोन मोर्चे उभारले. एकात दोन १८ पौंडी आणि तीन १२ पौंडी लोखंडी तोफा, तट फोडायला. दुसऱ्यात दोन १२ पौंडी पितळी तोफा आणि दोन साडेपाच इंची हॉविट्झर (गोळा उंच उडवून टाकणाऱ्या आखूड तोफा), तटावरची माणसे हटवायला. ‘पौंडी’ म्हणजे गोळ्याचे वजन, तोफेचे नव्हे. १८ पौंडी म्हणजे सव्वाआठ किलोचा लोखंडी गोळा. तट फोडायला लोखंडी तोफ, कारण सतत डागून पितळी तोफ तापते आणि तिचे तोंड लवकर बिघडते. एवढे कळले की मोर्चे दोन का आणि दोन्हींत तोफा वेगळ्या का, ते आपोआप उलगडते.

१५ डिसेंबरला भगदाडातून शिरलेले लोक बाहेरच्या किल्ल्यात अडकले, कारण आत आणखी एक किल्ला, मधे घळ, आणि आतल्या तटाला भगदाड नव्हते. कॅप्टन कॅम्पबेलने ९४ व्या पलटणीची हलकी कंपनी शिड्या लावून तटावर चढवली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. पुस्तक हातात घेऊन किल्ल्यात जाणाऱ्याने हा आतला तट, घळ आणि दरवाजा हे तीन बिंदू जागेवर जुळवून पाहावेत आणि मग सदराला लिहावे, की लेखकाचे वर्णन जागेशी बसते की नाही. इतक्या जवळ असून त्या नजरेने किल्ला पाहणारे थोडे.

गावांच्या नावांचाही घोळ असतो. इंग्रजी पुस्तकाच्या सूचीत अडगाव ‘अ-ड’ खाली सापडत नाही. तिथे ते ‘आर्गाउम’ असते. एलिचपूर, गाविलघूर, असाये ही त्याच जातीची नावे. १७ डिसेंबर १८०३ ला भोसल्यांशी तह झाला तो देवगावचा; देवगावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. १८०३ च्या ३० डिसेंबरचा शिंद्यांचा तह मात्र थेट आपल्या अंजनगाव सुर्जीचा, तिथे नाव चुकायला वाव नाही. जवळच्या काळातही हे होते. कामठीला ज्यांचे केंद्र आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या चौदाव्या बटालियनचे लान्स नायक अल्बर्ट एक्का यांना १९७१ च्या युद्धात गंगासागर येथील पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे गंगासागर आगरतळ्याजवळ, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले. पण नकाशा न पाहणारा वाचक त्यांना मकरसंक्रांतीच्या यात्रेच्या गंगासागरला नेऊन ठेवतो.

शब्दांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण मराठी अनुवादात त्या सर्रास बिघडतात. इंग्रजी आकडेवारीतला ‘कॅज्युअल्टी’ हा शब्द ठार, जखमी आणि बेपत्ता यांची बेरीज असतो. असईला, २३ सप्टेंबर १८०३, वेलस्लीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, एकूण १,५८४. अनुवादकाने घाईत ‘१,५८४ मारले गेले’ लिहिले की मृत जवळजवळ चौपट झाले. पुस्तकात फक्त एकच मोठा आकडा दिसला तर तो कशाची बेरीज आहे हे आधी शोधावे.

दुसरा शब्द ‘पलटण’. मराठीत बटालियनलाही पलटण म्हणतात, रेजिमेंटलाही, आणि प्लाटूनशी उच्चार जुळतो म्हणून तिलाही. आजच्या भारतीय पायदळात प्लाटून तीसेक माणसांची, कंपनी शंभर-सव्वाशेची, बटालियन आठशेच्या आसपास. तीन बटालियनची साधारण एक ब्रिगेड आणि तीन ब्रिगेडींची एक डिव्हिजन. ‘एका पलटणीने टेकडी घेतली’ या वाक्यात तीस माणसे आहेत की आठशे, यावर सगळा अर्थ फिरतो. १८०३ च्या पुस्तकात तर आणखी मजा: ‘कंपनीच्या दोन कंपन्या पुढे सरकल्या’. पहिली ईस्ट इंडिया, दुसरी सैन्यातली. गावातल्या निवृत्त सुभेदाराला अशा जागा दाखवाव्यात, तो अर्ध्या मिनिटात निवाडा करतो. वाचनालयांनी या लोकांना सत्काराला बोलावण्याऐवजी अनुवाद तपासायला बोलवावे.

तारखांचे गणित थोडक्यात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. त्यात ७८ मिळवणारा १७६० वर थांबतो, खरी तारीख १४ जानेवारी १७६१. पेशवाई कागदांतल्या सुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. शिवाय इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी कालगणना चालवली, तिच्यात अकरा दिवसांचा फरक. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या १७२४ च्या लढाईची (निजामाने मुबारिजखानाला हरवले ती) तारीख दोन पुस्तकांत अकरा दिवसांनी वेगळी दिसली, तर कोणी खोटे लिहिले असे समजू नये.

आठवणींच्या पुस्तकांना वेगळा नियम लावावा लागतो. सेनाधिकाऱ्याच्या आत्मकथनात तो कोणत्या दिवशी कुठे होता, ही यादी आधी काढावी. १९६२ च्या चीन युद्धात सीमेवरच्या नामका चू नदीवर असलेल्या सातव्या ब्रिगेडचे कमांडर जॉन दळवी यांचे गाजलेले पुस्तक १९६९ चे. चिनी हल्ला २० ऑक्टोबरला झाला आणि दळवी २२ ला युद्धकैदी झाले. तेव्हा नामका चू बद्दलचा मजकूर डोळ्यांनी पाहिलेल्याचा, आणि नोव्हेंबरातल्या से-ला व बोमडिलाबद्दल जे येईल ते मागाहून कळलेले. दोन्हीला सारखे वजन देता येत नाही. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा १९६३ चा अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. म्हणून १९६२ वरचे पुस्तक ‘अंतिम सत्य’ म्हणून कोणी शिफारस केले तर त्याला हे विचारावे. शौर्यपदकांची मानपत्रे संक्षिप्त आणि विश्वसनीय असतात, पण ती पराक्रम सांगायला लिहिलेली असतात, चढाई कुठे फसली ते सांगायला नाही.

पीडीएफ वाटण्याबद्दल. लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षे कायद्याने त्याच्या वारसांची. गोविंद सखाराम सरदेसाई १९५९ मध्ये वारले, त्र्यंबक शंकर शेजवलकर १९६३ मध्ये; त्यांचे मूळ मजकूर आता खुले आहेत, ‘मराठी रियासत’ आणि पानिपतावरचा ग्रंथ खुशाल वाटावेत. पण नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि नव्याने काढलेले नकाशे हे वेगळ्या माणसाचे, ते खुले नाहीत. हयात लेखकाच्या कारगिलवरच्या पुस्तकाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकणे म्हणजे त्याच्या वावरातला कापूस वेचून नेणे.

आता वाचनालयाने काय करावे. प्रत्येक युद्धविषयक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत, तारीखपत्रकाच्या समोर, पाच बाय तीन इंचाचे जाड कार्ड लावावे. परत करणाऱ्याने त्यावर पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नये: पुस्तक कोणत्या कागदांवर आधारलेले, नकाशे किती व कोणत्या पानांवर, आधी कोणते प्रकरण वाचावे, कोणता आकडा दुसऱ्या पुस्तकाशी जुळत नाही. नाव लिहायची गरज नाही. बॉलपेनने लिहावे, जेलची शाई पावसाळ्याच्या दमट हवेत पसरते. ‘छान’ हा शब्द बंद. आपली जात, आपले गाव, आपली पलटण कशी भारी, असा मजकूर कार्डावर येणारच. त्याला एकच नियम लावावा, पानाचा आकडा नसेल तर ओळ खोडावी. भांडण पन्नास टक्के तिथेच मिटते.

कार्ड चिकटवायला सेलोटेप वापरू नये. वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि कागद सोबत नेते. बांधणीवाले वापरतात ती मैद्याची खळ करावी: एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी, मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न होता कालवून मग मंद आचेवर ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळे आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतो, तेव्हा भांडे वेगळे आणि हात धुऊन. घडीचा नकाशा घडीवर फाटतो. मागून मलमलीची बोटभर पट्टी त्याच खळीने लावली की वर्षानुवर्षे टिकतो. पुस्तक पुनर्बांधणीला जाते तेव्हा कार्ड आणि नकाशा आधी काढून ठेवावेत, नाहीतर बांधणारा कडा कापताना नकाशाचा कोपरा कापतो आणि नेमके प्रमाण त्याच कोपऱ्यात असते. दाखल नोंदवहीत पुस्तकासमोर ‘नकाशे ४’ असा आकडा लिहिला की परतीच्या वेळी मोजून घेता येतात.

हे सगळे कधी सुरू करावे? सोयाबीन निघायच्या आणि बोंडे फुटायच्या दिवसांत वाचनालयात फक्त वर्तमानपत्र वाचणारे येतात. तूर घरात आल्यावर, फेब्रुवारी ते मे, हा वाचनाचा खरा हंगाम. सदराची जागा त्या चार महिन्यांत थोडी वाढवता आली तर पाहावे.

सदरात नोंद कशी असावी, त्याचा एक नमुना देतो.

‘वेलिंग्टनची पत्रे व खलिते, संपादक लेफ्टनंट कर्नल गुरवुड, इंग्रजी. १८३० च्या दशकात प्रथम छापलेली; इंटरनेट आर्काइव्हवर फुकट. इतिहास, कादंबरी नव्हे. लढणाऱ्याची स्वतःची पत्रे, तारखेच्या क्रमाने. एकाच बाजूचे कागद. संपादकाने पुष्कळ व्यक्तींची नावे गाळून रेघा ठेवल्या आहेत, तिथे अडते. आधी १८०३ सालचा नोव्हेंबर-डिसेंबर वाचावा. अडगावसाठी ३० नोव्हेंबरचा खलिता आणि त्यानंतरचे मेजर शॉचे पत्र शेजारी-शेजारी ठेवावे. गावांची स्पेलिंगे जुनी. सोबत १:५०,००० चा नकाशा आणि काळे यांचा वऱ्हाडचा इतिहास हवा. इंग्रजी अवघड नाही, पण वाक्ये लांब. रोज चार पत्रांपेक्षा जास्त वाचू नयेत.’

जागा कमी पडल्यास पत्र हवे तेवढे कापावे, नोंद मात्र तशीच ठेवावी.

कळावे,
एक वाचक
ता. अकोट, जि. अकोला